फ्लेक्सवरचा काशिनाथ

माझा पुतण्या पनवेलला एका बिल्डरकडे साइटवर असतो. त्याच्या मते मी नागपूरला बसून फार फेकतो आणि पनवेल माझ्या फेकण्याच्याही पुढे गेलंय. ते सिद्ध करायला तो तिकडचे फोटो मोबाइलवर पाठवत असतो. गेल्या हिवाळ्यात त्याने गव्हाण गावातल्या एका लग्नाच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘काका, एवढ्या कापडात आपल्याकडे अख्ख्या वऱ्हाडाचे सदरे शिवून होतात.’

फ्लेक्स तालेवार होता, यात शंका नाही. त्याच्या सावलीत एक तालुका दुपारची झोप काढू शकला असता. मधोमध नवरी मुलगी. वर देव, देवांच्या बाजूला हार घातलेले कैलासवासी. आणि खाली हात जोडून उभे असलेले घरातले झाडून सगळे, ‘आपले स्वागतोत्सुक’. त्या खालच्या रांगेत, एका पांढऱ्या केसांच्या बाईच्या शेजारी, काशिनाथ उभा होता.

मी चष्मा पुसला. मग मोबाइल पुसला. मग बायकोचा चष्मा लावून पाहिलं. काशिनाथच.

आता हा काशिनाथ कोण ते सांगतो. एकाहत्तरच्या लढाईत आम्ही हवाई दलाच्या एकाच तळावर होतो. तो बॉम्बर विमानात नॅव्हिगेटर, म्हणजे पायलटच्या मागे बसून नकाशावरून रस्ता सांगणारा. मी त्याच विमानाच्या पोटाखाली बॉम्ब लटकवणारा. तो अधिकारी, मी साधा एअरमन, एकत्र बसायचं कारण नाही. पण त्याच्या घरून सुकट यायची आणि तिच्या वासाने ऑफिसर मेसमधले पंजाबी पार सरहद्दीपर्यंत पळायचे. म्हणून तो डबा घेऊन आमच्या बराकीत यायचा. मी त्याला माझ्या आजोबांनी वाघाला तंबाखूची सवय कशी लावली ते सांगायचो, तो मला सुकट वाढायचा. दोघांनाही सौदा परवडत होता.

एका संध्याकाळी त्याचं विमान गेलं ते आलं नाही. कागदावर ‘बेपत्ता’ लागलं. पण सोबत गेलेल्या विमानाचा पायलट दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, ‘मी पाहिलंय. जळत खाली गेलं, समुद्रात. हवाई छत्री एकही उघडली नाही.’

आणि आता हा फ्लेक्सवर, तोही म्हातारा होऊन! तरणाताठा, टोपी घातलेला फोटो असता तर मी समजलो असतो की घरच्यांनी आठवण म्हणून लावलाय. पण हा चांगला ऐंशीचा गडी होता. मिशी पांढरी, गाल बसलेले, डोळ्यांखाली पिशव्या. आणि उजव्या भुवईत लहानपणी होडीचं वल्हं लागून पडलेली तीच खाच. मेलेला माणूस म्हातारा कसा होईल? हा झाला होता, त्या अर्थी जिवंत होता.

मग त्या पायलटचं काय? मी आयुष्यभर इतक्या थापा मारल्यात की डोळ्यांनी पाहिलं म्हणणारा माणूस पाहतो किती आणि पदरचं घालतो किती, हे मला आतून ठाऊक. त्याने धूर पाहिला असेल आणि बाकीचं भरलं असेल. काशिनाथ कुठल्या तरी तुरुंगात राहिला असेल, कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल. माझ्याच गोष्टींत माणसं याहून वाईट अडचणींतून घरी आलेली आहेत. मी बॅग भरली. बायको म्हणाली, ‘या वयात? बोलावणं नाही, काही नाही.’ मी म्हटलं, ‘स्वागतोत्सुक म्हणून त्याने स्वतः हात जोडलेत, आणखी काय बोलावणं पाहिजे?’

पळस्पे

ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरने सकाळी मला पळस्पे फाट्यावर उतरवलं, तेही नेमकं चुकीच्या बाजूला. गोव्याचा रस्ता इथे मुंबई-पुण्याच्या रस्त्यापासून फुटतो आणि दोन्हींवरचे ट्रक ‘आधी मी’ म्हणत अंगावर येतात. आमच्याकडे ट्रक माणसाला घाबरवतो, इथला विचारतही नाही. रस्ता ओलांडेपर्यंत माझी दाढी वाढली, असं मी पुढे मांडवात सांगितलं आणि लोकांनी ते मानलंसुद्धा, यावरून तुम्ही समजा.

टपरीवर वडापाव खाल्ला. आमच्या तर्री-पोह्यांशी त्याची बरोबरी नाही, पण खाताना मी काशिनाथला द्यायच्या शिव्यांची उजळणी करत होतो, त्यामुळे चव कळली नाही. ‘साल्या, घरी आलास, नातवंडांच्या लग्नाला उभा राहिलास आणि मला एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही?’ ही पहिली. त्यानंतरच्या छापण्यासारख्या नाहीत. शिव्या संपल्यावर मिठी मारायची, हेही ठरलं होतं.

रिक्षावाला गव्हाणकडचाच निघाला. त्याने विचारलं, ‘लग्नाला ना? कोनाकरचे तुमी?’

‘काशिनाथकडचा.’

‘कोन काशिनाथ?’

‘अरे, फ्लेक्सवर नाही का? पांढरी मिशी, भुवईत खाच.’

‘हां, तो आजा! त्याला रोज बघतो.’

मी पुढच्या सीटची दांडी धरली. ‘कसा आहे रे?’

‘एकदम मस्त हाय,’ तो म्हणाला. ‘हात जोरून उभा हाय.’

या बोलण्यात काही खटकायला हवं होतं. पण मला ऐकायचं होतं तेवढंच मी ऐकलं. वाटेत डोंगर कापून सपाट केलेले, खाडी भरून काढलेली आणि जिथे मिठागरं होती म्हणतात तिथे काचेच्या इमारती. मी एकही नीट पाहिली नाही. पुढच्या आरशात केस विंचरत बसलो.

गव्हाण

मांडव रस्त्यापासूनच सुरू होत होता. फ्लेक्स दाराशी होता आणि प्रत्यक्षात तो माझ्या थापेपेक्षाही मोठा होता. काशिनाथचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा. मी त्याच्याकडे पाहून हात हलवला, काय सांगू.

नवरीचा बाप दिनेश पुढे आला. पन्नाशी ओलांडलेला, गळ्यात बोटभर सोनं, आणि आवाज असा की बेंजो वाजवणाऱ्या पार्टीने मानधन कमी घ्यावं. मी ओळख दिली. त्याने पाया पडून मला खुर्चीत बसवलं. ‘काकाचे दोस्त? फौजीकाका, आमचा भाग्य हाय वो! सरबत आना रं!’

‘सरबत राहू दे. आधी त्याला बोलाव.’

‘कोनाला?’

‘काशिनाथला. सांग, वाघाच्या तंबाखूवाला आलाय.’

दिनेशच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला मांडवाच्या मागे, जिथे तांदळाच्या भाकऱ्या थापत होते, तिथे नेलं.

‘फौजीकाका, काका तर लरायीत गेला ना. तवा मी पालन्यात व्हतो. तुमाला ठावं नाय?’

‘मग तो बाहेर...’

‘तो डिझायनरनं केला,’ दिनेश म्हणाला. ‘आमी दर टायमाला काकाचा तरना फोटो लावायचो, टोपीवाला. काकीच्या बाजूला. काकी म्हातारी व्हत गेली, काका तसाच. मांगल्या लग्नान एकानं विचारला, ह्यो काकीचा नातू काय? काकी दोन दिस जेवली नाय. या टायमाला डिझायनर बोलला, मोबाइलान म्हातारा करून देतो. दिला करून.’

आमच्याकडे फोटोत केस काळे करतात, सुरकुत्या पुसतात. म्हातारं करून घेणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

मी म्हटलं, ‘पण खालच्या रांगेत काहून लावता बापा? वर लावा. हारवाल्यांत.’

दिनेशने इकडेतिकडे पाहिलं आणि तो आवाज उतरवून बोलला. उतरवलेला आवाजही भाकऱ्या थापणाऱ्या बायांना ऐकू गेला असणार, पण त्यांनी मान वर केली नाही. ‘काका वर गेला का काकी बाजूला व्हते. या घरान सगल्या पोरींना पयली हलद काकीच्या हातची. कागदावं काय तो लिवला असंल. पन काका मेला असा आमाला कोन येऊन बोलला नाय. म्हनून काकी सवाशीन हाय. आज माझे पोरीची हलद हाय, घरातली शेवटची पोर. तीपन काकीच लावनार.’

म्हणजे मला येऊन काही तास झाले नव्हते आणि काशिनाथ माझ्यापुरता दुसऱ्यांदा गेला होता. पहिल्या वेळी मी तरुण होतो, दुसऱ्या दिवशी बॉम्ब लटकवायचे होते. या वेळी काहीच काम नव्हतं. मी भाकऱ्यांच्या चुलीकडे तोंड करून बसलो, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचं खापर धुरावर फोडता येईल.

तेवढ्यात काकी आल्या. काशिनाथची बायको म्हणजे माझ्या वहिनी, तशी हाक मी मनात आधीच मारून ठेवली होती. अंगाने काडी, नेसणं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात ताट होतं.

‘तुमी नागपूरचे ना?’ त्या म्हणाल्या. ‘बंडला मारनारे?’

मी उभाच राहिलो. ‘त्यानं सांगितलं होतं?’

‘सुट्टीवं आलेले तवा बोलायचे. एक नागपूरवाला हाय, त्याचा अर्धा बोलना सोरून द्यायचा, आनि उरलेला पन खोटाच धरायचा.’ आणि त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते, पण हसणं असं की काशिनाथ सुट्टीवरून कधीच वेळेवर तळावर का परतायचा नाही ते मला त्या दिवशी कळलं.

मी हसायला गेलो. चेहऱ्यावर भलतंच काही आलं असावं. वहिनींनी ते पाहिलं. ताट माझ्या हातात देता देता त्यांचा हात थांबला.

‘तुमाला कायतरी ठावं हाय,’ त्या म्हणाल्या.

‘वहिनी, मी...’

‘आता नको.’ आवाजात विनंती नव्हती, हुकूम होता. ‘पोरीची हलद व्हऊ दे. लगीन व्हऊ दे. मंग मी मोऱ्याला जानार हाय, देवीला नारल ठेवाला. माहेर हाय माझा. तुमी पन चला. तिथं सांगा. तवर तोंड उघराचा नाय.’

मला तोंड न उघडायला सांगणारी ही आयुष्यातली पहिली बाई नव्हे. पण मी ऐकलेली पहिलीच.

मांडवात

आमच्याकडे हळद चिमटीने लावतात आणि पाहुणे जेवायची वाट पाहतात. इथे हळद म्हणजे लग्नाहून मोठं लग्न. परातीत कालवलेली, कोपरापर्यंत. बेंजोचा आवाज असा की माझ्या कवळीने ताल धरला. एकीकडे धवलारीण बाई बसून लग्नाची गाणी म्हणत होती. तिच्या आवाजाला माइक नव्हता, तरी बेंजो मधून मधून तिच्यासाठी थांबायचा. ती एकेका देवाला आणि घरातल्या गेलेल्या एकेका माणसाला नाव घेऊन मांडवात बोलवत होती. आजा, पणजा, दिनेशचा बाप, सगळ्यांना बोलावणं गेलं. काशिनाथचं नाव आलं नाही. मी कान देऊन ऐकत होतो, की येऊ नये.

मग वहिनी पुढे झाल्या. हाताला हळद घेतली आणि नवरीच्या गालाशी नेली, तेवढ्यात नव्या विमानतळाकडून एक विमान मांडवावरून गेलं. इतकं खाली की ढोल दिसत होते, ऐकू येत नव्हते. झाडून सगळ्यांनी माना वर केल्या. वहिनींनी केली नाही. भरलेला हात तसाच हवेत धरून त्या थांबल्या, आवाज पार खाडीपलीकडे जाईपर्यंत. मग पोरीच्या गालाला हळद लावली. दोन्ही गालांना, कपाळाला, पायांना. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा होता ते मी सांगणार नाही, कारण तुम्ही मला वाढवून सांगतो म्हणाल.

मला ते बघवेना. मी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी रुमालासारखी मऊ, सोबत बोंबलाचं कालवण आणि कसलासा बारीक काट्यांचा मासा. आमच्याकडचे मासे एकेका काट्याने ओळख देतात, हा सगळा काट्यांचाच शिवलेला होता. एक घशात गेला. पंगतीतल्या बायांनी मला कोरडी भाकरी गिळायला लावली, पाठीत गुद्दे घातले. एक म्हणाली, ‘लरायी बघलेला मानूस आनि मांदेलीनं मेला असता!’ सगळे हसले. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि या वेळी काट्याचं निमित्त चांगलं होतं.

लोक म्हणू लागले, काकाची गोष्ट सांगा. मी वाघाची सांगितली. ट्रकची सांगितली. तोफेच्या नळीत अंडी घालणाऱ्या कोंबडीची सांगितली. ‘काका कसे व्हते?’ असं नवरीने विचारलं तेव्हा मी सुकटीची गोष्ट सांगितली, आणि ती जशी घडली तशीच सांगितली. तीच फक्त कोणाला खरी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीच्या गडबडीत वहिनी मला दारातल्या फ्लेक्ससमोर एकट्या उभ्या दिसल्या. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

‘असे झाले असते का वो?’ त्यांनी विचारलं.

‘झाला असता. पण मिशी त्यानं काळी केली असती.’

‘केलीच असती,’ त्या म्हणाल्या. ‘लय नाटकी.’ आणि बराच वेळ त्या चाकाएवढ्या तोंडाकडे पाहत राहिल्या, जसं एखादी बाई घरच्या माणसाला गाढ झोपलेलं पाहते.

मोरा

मला मुंबईहून नागपूरची गाडी धरायची होती, म्हणून मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने जायचं ठरलं. दिनेशने आम्हा दोघांना गाडीतून सोडलं. वहिनींनी देवीला नारळ ठेवला आणि दिनेशला म्हावरं बघायला मासळीबाजारात पाठवलं. ओहोटी होती. पाणी मागे गेलं की लाँच गाळात रुतते, म्हणून भरती चढेपर्यंत ती येत नाही. धक्क्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. खाली होड्या कुशीवर कलंडलेल्या होत्या.

‘सांगा आता,’ वहिनी म्हणाल्या.

खोटं बोलणार नाही, माझ्याकडे थापा तयार होत्या. रात्रभर रचल्या होत्या. एकीत काशिनाथ छत्रीने उतरतो आणि कोळ्यांच्या कुठल्याशा गावात त्याला ताप येतो. एकीत त्याची आठवण जाते. एकीत तो शेवटचा निरोप माझ्याजवळ देऊन जातो, आणि तो निरोप इतका सुंदर होता की मी स्वतः उशीत तोंड खुपसून रडलो होतो. अख्ख्या आयुष्यात एवढं चांगलं काम मी केलेलं नव्हतं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. ‘बंडल नको भावजी. बंडला मी पन मारल्यात, सगल्या गावाला. मना आता खरा पायजे.’

मी सांगितलं. सोबतच्या पायलटने पाहिलं. विमानाला आग लागली होती. ते खाली गेलं. छत्री उघडली नाही. चार वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं, याहून मोठं असेल.

धक्क्यावर एक बाई सुकत घातलेल्या माशांवरून कावळे हाकत होती, तिचं ‘हाड हाड’ तेवढं चालू होतं.

मग त्यांनी विचारलं, ‘एकलेच व्हते का?’

‘नाही. पायलट होता सोबत. पुढेच बसलेला.’

‘मंग एकले नव्हते.’ थोड्या वेळाने, ‘जमिनीवं परला का पान्यान?’

‘पाण्यात. समुद्रात.’

‘नक्की?’

‘नक्की, वहिनी.’

त्यांनी मोठा श्वास सोडला. ‘मना जमिनीचा भ्या वाटायचा,’ त्या म्हणाल्या. ‘कुठल्या मुलखान, कोनाचे शेतान, कोन पाय देत असंल. पान्यान ना? मंग घरातच हाय.’

त्यांच्या सासरचे, माहेरचे किती जण त्या पाण्यात राहिलेत हे मी विचारलं नाही. त्यांचं समोरच्या पाण्याकडे बघणं पुरेसं होतं.

भरती चढू लागली. गाळ झाकला गेला, होड्या एकेक करून सरळ झाल्या. पाणी खालच्या पायरीला लागलं तशा वहिनी उठल्या, नऊवारीचा काष्टा आवरत खाली उतरल्या आणि वाकून हात धुवायला लागल्या. हाताच्या रेषांत, नखांच्या कडांना पोरीची हळद होती. आधी नुसत्या पाण्याने चोळले. मग पायरीवरची वाळू घेऊन घासले. पुन्हा पाणी, पुन्हा वाळू. त्या घासत होत्या आणि मी वरच्या पायरीवर बॅग धरून उभा होतो. पुढे होऊन थांबवावं असं वाटत होतं आणि तो मला अधिकार नव्हता.

लाँचचा भोंगा झाला. दिनेश वरून ओरडला, ‘काकी, काय करतंस खाली? घसरशील! चल घरा!’

वहिनी थांबल्या. हात उलटसुलट करून पाहिले. पिवळेच होते.

‘जात नाय,’ त्या मला म्हणाल्या, हळू आवाजात, वर ऐकू जाऊ नये असं. ‘ऱ्हाऊ दे. ही उतरली का सांगीन घरान.’

मी लाँचमध्ये चढलो. शेजारच्या माणसाने विचारलं, कुठून आलात, लग्नाला का, मजा आली का. मी नुसती मान हलवली. वहिनी पायऱ्या चढून धक्क्यावर आल्या. उन्हात उभ्या राहून त्यांनी ओले हात पदराने टिपले, पुसले नाहीत, नुसते अलगद टिपले, आणि पदरातच झाकून धरले.